दोन नकाशे आणि एक पहाट

आकडेवारीच्या चित्ररूपाची चर्चा निघाली की फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याच्या १८६९ मधील नकाशाचा दाखला हमखास दिला जातो. नेपोलियनच्या रशियावरील १८१२ च्या स्वारीत ४ लाख २२ हजारांची फौज परतीच्या वाटेवर १० हजारांपर्यंत कशी घटली, हे त्याने बारीक होत जाणाऱ्या एका पट्ट्याने दाखवले. या नकाशाला शोकात्म काव्याची प्रतिष्ठा लाभली आहे आणि ती रास्तच आहे. मात्र कथनाच्या अंगाने वाचावेत असे दोन नकाशे आपल्या मराठवाड्याच्या वाट्यालाही आले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाशी दोहोंचा संबंध आहे. एक त्या भूकंपानंतर काढला गेला. दुसरा त्याआधीच छापून तयार होता.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) आणि लातूर या जिल्ह्यांच्या सीमाभागात जमीन हादरली. मृतांचा आकडा निरनिराळ्या अहवालांत सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत जातो. लातूरकडचे किल्लारी आणि उस्मानाबादकडचे सास्तूर ही नावे तेव्हापासून एकत्रच उच्चारली जातात.

भूकंपानंतरचा नकाशा समतीव्रता रेषांचा. ज्या ज्या ठिकाणी धक्क्याची तीव्रता सारखी जाणवली, ती ठिकाणे एका रेषेने जोडायची, की एकात एक अशी अनियमित वर्तुळे तयार होतात. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट याने दक्षिण इटलीतील १६ डिसेंबर १८५७ च्या भूकंपानंतर गावोगाव हिंडून पडक्या भिंतींची पाहणी केली आणि १८६२ च्या आपल्या अहवालात ही पद्धत रूढ केली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे, असे मला वाटते. कारण या रेषांखालची सामग्री यंत्राची नाही. भूकंपाची महत्ता यंत्र मोजते. तीव्रता माणसाला विचारून आणि घर पाहून ठरवतात. झोपलेले जागे झाले काय? टांगलेल्या वस्तू हलल्या काय? लोक भिऊन बाहेर धावले काय? उभे राहणे कठीण झाले काय? भारतात वापरल्या गेलेल्या १९६४ च्या एमएसके मापनश्रेणीच्या बारा पायऱ्या अशा प्रश्नांवरच उभ्या आहेत. त्यांची भाषा अर्थात युरोपची आहे. सहाव्या पायरीवर मनोऱ्यांतील लहान घंटा वाजू शकतात, असे तीत म्हटले आहे. सास्तूरकराला हा प्रश्न विचारून काय उपयोग झाला असता, कोण जाणे!

म्हणजे शेकडो साक्षींचा प्रथम एक रोमन अंक होतो आणि अशा अंकांची मग एक रेषा होते. साक्षीदार या प्रक्रियेत गळून पडतो. कोणाच्या घरात कोण होते, कोणी कोणाला ओढून काढले, हे रेषेत उरत नाही. पण जे उरते तेही थोडे नाही. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जड थर, अशी माळवदाची घरे या भागात सर्वत्र होती. उन्हाळ्यात गारवा देणारा, पिढ्यान्‌पिढ्या नव्या मातीने जाड होत गेलेला तो थरच अंगावर आला. गवताच्या छपराच्या हलक्या झोपड्या त्या मानाने तगल्या. ज्याला माळवद बांधणे परवडत नव्हते तो वाचला, हा क्रूर विपर्यास नकाशावर दिसत नाही. तरीही मध्यभागीची ती रेषा जितकी भूगर्भाबद्दल बोलते तितकीच आपल्या बांधकामपरंपरेबद्दल बोलते.

दुसरा नकाशा देशाच्या भूकंपक्षेत्रांचा. त्याचा निवेदक अधिक गंभीर, अधिक सर्वज्ञ; तो घडलेले सांगत नाही, घडू शकेल ते सांगतो. १९६२ आणि १९६६ च्या भारतीय मानकात देशाची शून्य ते सहा अशी सात क्षेत्रे पाडली होती. शून्य! देशाच्या एखाद्या भागात भूकंप होणारच नाही, असे चित्राने म्हणणे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली. १९७० च्या आवृत्तीतून शून्य क्षेत्र नाहीसे झाले आणि एक ते पाच अशी क्षेत्रे उरली. १९७५ आणि १९८४ च्या आवृत्त्यांनंतरही किल्लारी-सास्तूरचा प्रदेश त्यांतल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. १९९३ नंतर, २००२ च्या आवृत्तीत, पहिले क्षेत्रही गेले. मोजणी दोनपासून सुरू झाली आणि हा प्रदेश तिसऱ्या क्षेत्रात आला.

मिनारच्या पट्ट्यात काळ एकाच कागदावर वाहतो. येथे प्रत्येक आवृत्ती स्वतःपुरती निःशंक आहे. आपण पूर्वी काय म्हणत होतो याचा मागमूसही ती ठेवत नाही. सगळ्या आवृत्त्या शेजारी मांडल्या तरच कळते की कोयनेने शून्य पुसले आणि किल्लारीने एक. कलाकृतीचे पाठभेद तपासणाऱ्यांना ही रीत अपरिचित नसावी. नकाशाचा खरा मजकूर मला तरी या पाठभेदांतच दिसतो.

आणि हे सारे कोणी सांगितलेच नव्हते, असेही नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसराला शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते. लोक घाबरले होते, बोलत होते. त्यांच्या त्या बोलण्याला तेव्हाच्या अधिकृत चित्रात जागा नव्हती. तेच लोक वर्षभराने मोजणीला पात्र ठरले, जे उरले ते.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे पुढे नव्या जागी वसवली गेली. वळणावळणाच्या बोळांऐवजी सरळ रस्ते आणि आखीव चौकोन आले, नावे जुनीच राहिली. समतीव्रता रेषांच्या नकाशात मात्र सास्तूरचा ठिपका अजून जुन्या गावठाणावरच आहे.