पहिला नव्हता, पण दार उघडं ठेवून गेला: बोर्ये साल्मिंगची गोष्ट

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना अडखळलेल्या जागा तेवढ्या गाळल्या आहेत.

आधी कबुली देतो. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बर्फाशी माझा संबंध फ्रिजपुरता. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये एका सकाळी (म्हणजे आमची संध्याकाळ) टोरंटोच्या क्लायंटबरोबर रोजचा कॉल होता. तिकडचा एरवी भरपूर बोलणारा साठीचा मॅनेजर गप्प होता. कोणीतरी विचारलं, बरं वाटत नाहीये का? तो म्हणाला, "साल्मिंग गेला." आम्ही पुण्यातले चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. कोण साल्मिंग?

त्या रात्री शोधायला बसलो आणि आधी एक व्हिडिओ सापडला. टोरंटोचं खच्चून भरलेलं स्टेडियम. मध्ये एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस. त्याला बोलता येत नाहीये, हात उचलता येत नाहीये. शेजारी उभा असलेला जुना सहकारी, डॅरिल सिटलर, त्याचा हात धरून वर करतो, लोकांना अभिवादन करता यावं म्हणून. सिटलर स्वतः रडतोय. स्टीफन हॉकिंगना जो आजार होता, तोच एएलएस या माणसाला झाला होता. ऑगस्टमध्ये निदान जाहीर झालं आणि २४ नोव्हेंबरला, या कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांच्या आत, तो गेला.

हा बोर्ये साल्मिंग. कॅनेडियन लोक आपल्या खेळाबद्दल किती हळवे असतात, हे माहीत असेल तर प्रश्न पडतोच: एका स्वीडिश माणसासाठी अख्खं टोरंटो का रडतंय?

तर सुरुवातीपासून बघू. १७ एप्रिल १९५१. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, किरुना नावाचं लोखंडाच्या खाणीचं गाव आहे. त्याच्या जवळच्या साल्मी या वस्तीत बोर्येचा जन्म झाला. वडील सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, रेनडियर पाळणाऱ्या समाजातले. स्वतः मात्र खाणीत कामाला. बोर्ये पाच वर्षांचा असताना ते खाणीतल्या अपघातात गेले. थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, त्याच्या मागोमाग हाही. पुढे दोघे दक्षिणेला येव्ले शहरातल्या ब्रिनेस क्लबकडून खेळले आणि ब्रिनेसने १९७१ आणि १९७२ ला लागोपाठ स्वीडनचं अजिंक्यपद जिंकलं.

आता जरा मागे जाऊ, कारण इथेच खरा इतिहास आहे. बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग म्हणजे उत्तर अमेरिकेतली एनएचएल. तिथे खेळणारा पहिला स्वीडिश साल्मिंग नव्हे. तो मान उल्फ स्टर्नरचा. १९६५ मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळला. किती सामने? चार. मग परत मायदेशी.

स्टर्नर कमी दर्जाचा होता का? अजिबात नाही. अडचण नियमांची होती. आंतरराष्ट्रीय हॉकीत तेव्हा प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक मारायची मुभा फक्त स्वतःच्या बचावाच्या भागात होती. एनएचएलमध्ये ती सगळीकडे. म्हणजे बघा, नाव तेच, बर्फ तोच, पण खेळ वेगळा. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि स्वीडनची नवी पिढी धडका खात आणि देत तयार व्हायला लागली. साल्मिंग त्या पिढीतला.

दुसरं कारण बाजाराचं. १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. त्या वर्षी ते बारा झाले, १९७२ पर्यंत सोळा. त्यात १९७२ मध्येच डब्ल्यूएचए ही बारा संघांची दुसरी लीग उभी राहिली आणि जास्त पैसे देऊन खेळाडू पळवायला लागली. टोरंटो मेपल लीफ्सचेही चांगले खेळाडू गेले. पाच-सहा वर्षांत सहाचे अठ्ठावीस संघ! आमच्या आयटीत अशी भरतीची लाट आली की कंपन्या एरवी ज्या कॉलेजांकडे ढुंकूनही बघत नाहीत, तिथेही पोचतात. तसे हे लोक स्वीडनला पोचले.

मेपल लीफ्सचा स्काउट गेरी मॅकनमारा खरं तर एका गोलकीपरला बघायला गेला होता. तिथे त्याने ब्रिनेसचा एका कॅनेडियन संघाविरुद्धचा सामना पाहिला. दोघे जण डोळ्यांत भरले: फॉरवर्ड इंगे हॅमारस्ट्रॉम आणि बचावपटू साल्मिंग. साल्मिंगला रेफ्रीशी झालेल्या झटापटीमुळे सामन्यातून हाकललं होतं. मॅकनमाराने थेट ड्रेसिंग रूम गाठली आणि विचारलं, टोरंटोला येणार का?

ऑक्टोबर १९७३. एनएचएलमधला दुसराच सामना, तोही फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या घरी. त्या काळचा सगळ्यात दांडगट संघ हा. लक्षात घ्या, एनएचएलमध्ये हाणामारी केली तर साधारण पाच मिनिटं बाहेर बसायचं, मग परत खेळायला यायचं. म्हणजे मारामारी हा डावपेचाचाच भाग. युरोपातून आलेल्यांना 'चिकन स्वीड' म्हणायचे, भेकड स्वीडिश. त्या सामन्यात साल्मिंग डेव्ह शुल्ट्झशी भिडला, म्हणजे त्यांच्यातल्या सगळ्यात कुख्यात पैलवानाशी. मागे हटला नाही.

पण एका मारामारीने विषय संपत नसतो. पुढची कितीतरी वर्षं काठ्या, कोपरं, शिव्या चालूच राहिल्या. त्याचं उत्तर साल्मिंगने खेळातून दिलं. वेगाने येणाऱ्या पकसमोर तो अंग झोकून द्यायचा. पक म्हणजे टणक रबराची चकती, लागली तर हाड मोडेल. आणि तोच माणूस पुढच्या क्षणी पक घेऊन अख्खं मैदान पार करायचा. १९७५ ते १९८० सलग सहा वर्षं तो लीगच्या ऑल-स्टार संघांत निवडला गेला.

१९७६ च्या कॅनडा कपमध्ये एक गंमत झाली. टोरंटोच्या मैदानावर साल्मिंग स्वीडनच्या जर्सीत उतरला. नाव पुकारलं आणि घरचे प्रेक्षक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. परक्या देशाच्या जर्सीला!

इथे मी जरा अडखळतो. ही 'मार खाल्ला आणि जिंकला' अशी प्रेरणादायी गोष्ट वाटते, पण हॅमारस्ट्रॉमचं काय? तोही त्याच दिवशी आला. पहिल्याच हंगामात त्याने २० गोल केले. पण तो भांडायचा नाही. त्याच्याच संघाचा मालक हॅरल्ड बॅलर्ड जाहीरपणे त्याची टर उडवायचा, की हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एकही फुटायचं नाही. १९७७ मध्ये त्याला दुसऱ्या संघात पाठवलं गेलं. कॅनेडियन खेळाडूला गोल पुरेसे होते, परदेशी खेळाडूला वर रक्तही दाखवावं लागत होतं. साल्मिंगचं धैर्य खरंच, पण ते त्याच्याकडून वसूल केलं गेलं होतं, हेही तितकंच खरं. आणि नियती बघा: हाच हॅमारस्ट्रॉम पुढे फ्लायर्सचा युरोपातला स्काउट झाला. १९९१ मध्ये फ्लायर्सनी पीटर फोर्सबर्ग नावाचा स्वीडिश पोरगा निवडला, तो याच काळात. आज फोर्सबर्गचं नाव स्वीडनच्या सर्वोत्तम खेळाडूंत घेतात.

साल्मिंग संत नव्हता. काही वर्षांपूर्वी कोकेन घेतल्याचं त्याने १९८६ मध्ये कबूल केलं आणि लीगने आठ सामन्यांची बंदी घातली. त्याच नोव्हेंबरात गोलसमोरच्या गर्दीत एका खेळाडूचं स्केट त्याच्या चेहऱ्यावर पडलं. दोनशेहून जास्त टाके! तरी तो परतला. १९८८ मध्ये एनएचएलमध्ये हजार सामने खेळणारा, युरोपातच खेळाडू म्हणून घडलेला पहिला माणूस ठरला. टोरंटोत १६ हंगाम, शेवटचा एक डेट्रॉइटमध्ये. एकूण १,१४८ सामने, १५० गोल, ६३७ असिस्ट. स्टॅनली कप मात्र एकदाही नाही, कारण त्या काळातले लीफ्स बहुतेक वर्षं सुमारच. मग स्वीडनला परतला आणि १९९२ ला, चाळिसाव्या वर्षी, ऑलिंपिक खेळला. १९९६ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला स्वीडिश तोच.

आता परत त्या व्हिडिओकडे. साल्मिंगच्या दुसऱ्या बाजूला उभा होता मॅट्स सुंदिन, स्वीडिश. १९८९ च्या निवडीत सगळ्यात आधी नाव पुकारला गेलेला पहिला युरोपीय, आणि पुढे याच लीफ्सचा कर्णधार. त्याला कुणी अंड्यांचा हिशेब विचारला नाही. आणि दुसऱ्या रात्री लीफ्सच्या प्रशिक्षकाने सामन्याच्या सुरुवातीला जे सहा खेळाडू बर्फावर उतरवले, ते गोलकीपरसकट सहाच्या सहा स्वीडिश होते.

स्टर्नर पहिला आला आणि दार त्याच्यामागे बंद झालं. साल्मिंग आला आणि दार उघडंच राहिलं. इतिहासात आपण 'पहिला कोण' हे पाठ करतो. त्यापेक्षा 'त्याच्यानंतर दुसरा सहज येऊ शकला का' हे विचारून बघा.

दुसऱ्या दिवशी कॉलवर मी त्या मॅनेजरला म्हटलं, व्हिडिओ बघितला. तो थोडा थांबला. म्हणाला, "लहानपणी रस्त्यावर खेळताना आम्हा सगळ्यांना २१ नंबरच हवा असायचा." मग आम्ही कामाला लागलो.

तुमच्या क्षेत्रात दार उघडं ठेवून गेलेलं कोणी असेल, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.