पत्त्यांची टंचाई आणि घरातील राउटर

घरात राउटर घ्यावयाचा म्हणजे आपण दुकानदारास पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. पत्त्याचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः या लहानशा पेटीचे एक मोठे काम पत्त्यांच्या टंचाईतूनच जन्मास आले आहे.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता लागतो. या पत्त्यांची चौथी आवृत्ती १९८१ साली निश्चित झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या संशोधन-जाळ्याने ती अंगीकारिली. पत्त्यासाठी ३२ बिटे, म्हणजे शून्य किंवा एक यांची ३२ स्थाने, ठरविण्यात आली. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. आपण केवळ एक प्रयोग करीत आहो, अशीच त्या वेळी समजूत होती, असे या रचनेचे एक जनक व्हिंट सर्फ यांनी पुढे सांगितले आहे. प्रयोगाच्या मानाने संख्या उदंड, म्हणून वाटपही सढळ हाताने झाले. एमआयटी या एकट्या अमेरिकन संस्थेच्या वाट्यास १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, तोवर पंगतीतील पहिली पाने भरभरून वाढून झाली होती.

टंचाईची चाहूल लागताच १९९४ साली ‘नॅट’ नावाचा तोडगा पुढे आला. घरातील यंत्रांस आतल्या वापरापुरते पत्ते द्यावयाचे, बाहेर मात्र सर्वांनी मिळून एकच पत्ता सांगावयाचा, आणि कोणता निरोप कोणाचा हे राउटरने ध्यानी ठेवावयाचे. वाड्याच्या दिंडीदरवाजाशी बसलेल्या कारकुनाने साऱ्या बिऱ्हाडांची पत्रे वाटावी, तसा हा प्रकार. तात्पुरता म्हणून सुचविलेला हा तोडगा कायमचा होऊन बसला. पुढे तर कित्येक सेवादाते अनेक घरांस मिळून एकच पत्ता देऊ लागले. अशा घरातून जग दिसते. परंतु बाहेरून घरातील यंत्राशी थेट संधान बांधणे दुष्कर होते. घरचा कॅमेरा परगावाहून पाहावयाचा, तर बहुधा तिऱ्हाइताच्या यंत्राचा आश्रय करावा लागतो.

खरा उपाय सहाव्या आवृत्तीचा. तिचा पहिला आराखडा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत १२८ बिटे असल्याने पत्त्यांची एकूण संख्या ३९ अंकी होते. तरीही जग हलले ते जुनी कोठारे रिती झाल्यावरच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले, आणि ६ जून २०१२ पासून अनेक मोठ्या कंपन्यांनी नवी आवृत्ती कायमची सुरू केली. २०१६ साली भारतात सुरू झालेल्या जिओने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. उशिरा पंगतीस बसलेला आपला देश आज तिच्या वापरात जगाच्या आघाडीवर आहे.

तेव्हा राउटर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो सहावी आवृत्ती जाणतो काय आणि सेवादात्याने दिलेला पत्त्यांचा गठ्ठा घरातील यंत्रांस वाटून देतो काय. दुसरी, त्याचा पहारा. नव्या व्यवस्थेत प्रत्येक यंत्रास स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, आणि नॅटमुळे आपसूक मिळणारा आडोसा जातो. म्हणून अनाहूत संपर्क दाराशीच अडविणारी ‘फायरवॉल’ राउटरमध्ये असली पाहिजे व ती चालू असली पाहिजे. तिसरी गोष्ट वेगाची. तारेचे तोंड सेकंदास १०० मेगाबिटांचे असेल, तर ३०० मेगाबिटांचे पैसे भरूनही १०० च्या पलीकडे काही मिळावयाचे नाही. तोंडे १००० ची मागावीत.

आणि एक प्रश्न सेवादात्यासही अवश्य विचारावा: आमच्या घरास सहाव्या आवृत्तीचे पत्ते देता काय? त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर नवा राउटर आणूनही घर जुन्याच दिंडीदरवाजाआड राहील.