‘शारदा’ आणि तिचा काळ

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. द्रव्यलोभाने कांचनभट आपली अल्पवयी कन्या वृद्ध भुजंगनाथास देऊ पाहतो, हे कथानक सर्वश्रुत आहे. परंतु तो विवाह कशाने मोडतो, इकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. वधूवर सगोत्र ठरतात म्हणून तो मोडतो. वराचे वार्धक्य वा वधूचा आकांत त्यास पुरत नाही.

हा निव्वळ नाटककाराचा डाव नव्हे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तीही केवढ्या वादळानंतर! विवाहास मात्र त्याने वयाची अट घातली नाही. विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर होता खरा. तथापि ब्राह्मण घरांत जरठाशी लग्न म्हणजे पुढे बहुधा केशवपनच. अशा समाजात शारदेस सोडवील तर शास्त्राचाच नियम, आणि कोदंडाशी तिचा विवाह व्हावयाचा तर शंकराचार्यांच्याच संमतीने.

वयाची अट १९२९ च्या कायद्याने आली. (त्यास ‘शारदा कायदा’ म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्यावरून, नाटकावरून नव्हे.) १९४६ साली तर सगोत्र विवाहही कायद्याने वैध झाला. शारदेस तारणारा नियम कायद्यातून गेला. जो हवा होता तो ३० वर्षे उशिरा आला. तोवर किती मुली, केवळ गोत्र भिन्न म्हणून, अशा वरासमोर बोहल्यावर उभ्या राहिल्या असतील!