तोयोसुचा हिवाळा आणि साडेसदतीसचा काटा

जपानचा हिवाळा म्हटलं की आपल्याकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढे बर्फाचे ढीग येतात. तो बर्फ उत्तरेकडचा. टोकियोत वर्षातून एकदा-दोनदा पडला तर पडला, आणि पडला की इथल्या लोकल गाड्यांची अवस्था मुंबईतल्या पहिल्या पावसासारखी होते. इथली थंडी कोरडी. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि हवा इतकी शुष्क की ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. आमचं तोयोसु टोकियोच्या आखाताला लागून, त्यामुळे वर समुद्राचा वारा. ही कोरडी हवा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला फार मानवते. डिसेंबर ते मार्च लहान मुलं असलेल्या घरोघरी एकच कार्यक्रम चालतो. एक पोर उठतं, दुसरं पडतं, मग आई, मग बाबा.

गंमत म्हणजे अशा थंडीत जपानी पोरं अर्ध्या चड्डीत शाळेत जातात. इथे एक म्हणच आहे, पोरं म्हणजे वाऱ्याची लेकरं. आपलं सगळं उलट. व्हिडिओवर नातवंडं दिसली की आजीचा पहिला प्रश्न, "कानटोपी कुठाय?" मी दोन्हीकडचा मान राखतो. घरातून निघताना कानटोपी घालतो आणि होइकुएनच्या दाराशी ती काढून खिशात टाकतो.

होइकुएन म्हणजे इथलं पाळणाघर. बहुतेक होइकुएनमध्ये रोज सकाळी मुलाचा ताप मोजून वहीत लिहून द्यायचा असतो. दिवसा काटा साडेसदतीस अंशांच्या वर गेला की ऑफिसात फोन येतो: या आणि घेऊन जा. साडेसदतीस म्हणजे आपल्या हिशोबाने साडेनव्याण्णव. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नव्याण्णव म्हणजे काय ताप असतो का रे?" इन्फ्लुएन्झा निघालाच तर ताप सुरू झाल्यापासून पाच दिवस, आणि उतरल्यावर शाळकरी मुलाला दोन, त्याहून लहानाला तीन दिवस घरी ठेवायचं असा लिखित नियम आहे. वर्गात बरीच मुलं आजारी पडली तर अख्खा वर्ग बंद.

आपल्याकडे या सगळ्याला 'जपानी शिस्त' म्हणून कौतुकाने सांगायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. शिस्त आकाशातून पडत नाही. इथे आल्यावर जमेल तसं वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की यातल्या बऱ्याच गोष्टी गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतल्या आहेत. काहींमागे सरकारचा स्वार्थ आहे, काहींमागे कोर्टकचेऱ्या, आणि बऱ्याचशांमागे चिडलेल्या आया.

सुरुवात घरापासूनच करू. तोयोसुची जमीन शंभर वर्षांपूर्वी नव्हतीच. १ सप्टेंबर १९२३ च्या प्रचंड भूकंपात टोकियो कोसळलं, जळलं. तो राडारोडा समुद्रात टाकून जी भर घातली गेली, तिच्यातून हे बेट तयार झालं. 'तोयोसु' हे नाव १९३७ सालचं, भरभराटीची वाळूपट्टी अशा अर्थाचं. मग इथे जहाजबांधणीचा कारखाना आला, तो २००२ पर्यंत चालला. आज त्या गोदीच्या जागी लालापोर्ट नावाचा मॉल आहे. जपानमधलं पहिलं सेव्हन-इलेव्हन दुकानही मे १९७४ मध्ये याच तोयोसुत उघडलं, कामगार वस्तीतल्या एका जुन्या दारूच्या दुकानाच्या जागी.

पण मुलांच्या खोकल्याच्या दृष्टीने महत्त्वाचा कारखाना वेगळा. १९५६ पासून इथे टोकियो गॅसचा कारखाना होता. कोळसा तापवून त्यातून शहराला लागणारा गॅस काढायचा. शेजारी औष्णिक वीज केंद्र. या कारखान्याचं बेन्झीन मातीत इतकं मुरलं होतं की त्याच जागेवर बांधलेल्या नव्या मासळीबाजाराचं स्थलांतर त्यापायी लांबलं. बाजार नोव्हेंबर २०१६ ऐवजी ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडला. ते मोठ्यांचं राजकारण झालं. साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या हवेत काय असेल याचा आपणच विचार करावा. टोकियोभर मुलांना दम्याने ग्रासलं होतं. १९७२ मध्ये टोकियो महानगराने अठरा वर्षांखालच्या दमेकरी मुलांचा औषधोपचार मोफत केला. पुढे प्रदूषणबाधितांना भरपाई देण्याच्या राष्ट्रीय कायद्याखाली टोकियोच्या तेवीसपैकी एकोणीस वॉर्ड जाहीर झाले. आमचा कोतो वॉर्ड त्यात होता. ही यादी १९८८ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी इथला गॅसचा कारखाना थांबला आणि त्याच वर्षी तोयोसुला भुयारी रेल्वेचं स्टेशन मिळालं. मोटारींच्या धुराविरुद्धचा दमेकऱ्यांचा खटला मात्र २००७ पर्यंत चालला आणि तडजोडीने मिटला.

आज मी मुलाला खोकल्यासाठी डॉक्टरकडे नेतो तेव्हा खिशातून एक येनही जात नाही. टोकियोच्या वॉर्डांमध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विम्यात बसणारा औषधोपचार फुकट आहे, आणि आम्ही परदेशी असलो तरी विमा भरतो म्हणून आम्हालाही. सरकारी कृपा म्हणून हे घेताना मला ती १९७२ ची धापा टाकणारी पोरं आठवतात.

आता वहीकडे वळू. बाई गरोदर राहिली की वॉर्ड ऑफिसातून एक छोटी पुस्तिका मिळते, बोशी तेचो, म्हणजे माय-लेकराची वही. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळाचं वजन, उंचीचे आलेख, प्रत्येक लस, सगळं त्यात. आमचा धाकटा इथे जन्मला, त्याच्या वहीवर चित्र आहे, इंग्रजी आवृत्तीही मिळते. या वहीचं मूळ १९४२ मधलं, म्हणजे ऐन युद्धातलं. आरोग्य खात्यातल्या सेगी मित्सुओ या डॉक्टरने जर्मनीत अशी गरोदर बायकांची वही पाहिली होती. सरकारला पुढच्या युद्धांसाठी प्रजा हवी होती. वही दाखवली की युद्धकाळातही गरोदर बाईला जादा तांदूळ, साखर, कापूस मिळे. हेतू काही उदात्त नव्हता! युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये तीच वही आई आणि बाळ अशा दोघांची झाली. जपानमध्ये १९५० मध्ये हजार जन्मांमागे साठ बाळं वर्षाच्या आत दगावत, १९६० मध्ये तीस, १९७५ मध्ये दहा. याचं सगळं श्रेय वहीला देणं बरोबर नाही. अन्न सुधारलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, १९६१ पासून प्रत्येकाला विमा मिळाला. पण मूल कागदावर आलं की ते विसरलं जात नाही, एवढं खरं.

लसींची गोष्ट इतकी सरळ नाही. इथे आपल्याला पुण्याचा प्लेग आठवायला हवा. १८९७ मध्ये आरोग्याच्या नावाखाली सोल्जर घरात घुसले, त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. लोकांच्या शरीराशी सरकारने कसं वागावं हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जपानात तो सुईच्या टोकावर येऊन थांबला.

१९६० मध्ये इथे पोलिओची मोठी साथ आली, पाच हजारांवर रुग्ण. देशात पुरेशी लस नव्हती. तोंडाने द्यायची जिवंत लस होती ती सोव्हिएत रशियाकडे, आणि जपान तर अमेरिकेच्या गोटात. मुलांना पाठुंगळी मारून आया आरोग्य मंत्रालयावर गेल्या. जून १९६१ मध्ये आरोग्यमंत्री फुरुइ योशिमी यांनी देशांतर्गत चाचण्या संपायची वाट न पाहता रशियाकडून एक कोटी आणि कॅनडाकडून तीस लाख डोस मागवले, जबाबदारी माझी असं सांगून. १९६४ मध्ये रुग्णांची संख्या शंभराच्या आत आली. आयांचा सरकारवरचा विश्वास यापेक्षा उंच कधी गेला नसेल.

नंतर तो उतरत गेला. १९७४-७५ च्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याच्या लसीनंतर दोन बाळं दगावली. सरकारने लस काही काळ थांबवली, मग दोन वर्षांवरच्या मुलांना द्यायला सुरुवात केली. पण डांग्या खोकला मारतो तो काही महिन्यांच्या तान्ह्याला. १९७४ मध्ये रुग्ण होते चारशेच्या आत, मृत्यू एकही नाही. १९७९ मध्ये रुग्ण तेरा हजार आणि मृत्यू एकेचाळीस. तोवर सातो युजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूचे फक्त लागतील तेवढेच भाग घेऊन सौम्य लस बनवली होती, ती १९८१ पासून मिळू लागली. जगभर आज जी 'न दुखणारी' ट्रिपल मिळते, तिचं मूळ हे.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकते ती इन्फ्लुएन्झाची गोष्ट. १९५७ च्या आशियाई फ्लूनंतर जपानने एक वेगळीच कल्पना लढवली. फ्लूने मरतात म्हातारी माणसं, पण तो घरात आणतात शाळेतली पोरं. तेव्हा पोरांनाच टोचायचं. १९६२ पासून शाळाशाळांत रांगा लागल्या, १९७७ पासून कायद्याने सक्ती. पन्नाशी-साठीतले माझे जपानी सहकारी त्या रांगांच्या गोष्टी सांगतात. बाह्या वर, स्पिरिटचा वास, पुढच्याचा चेहरा बघत उभं राहणं.

१९७९ मध्ये टोकियोच्या वायव्येला असलेल्या माएबाशी शहरात एका मुलाला लसीनंतर झटके आले. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने टोचणं थांबवलं आणि पुढची काही वर्षं न टोचलेल्या गावांची टोचलेल्या गावांशी तुलना केली. १९८७ मध्ये अहवाल आला: मुलांच्या आजारपणात मोठा फरक दिसत नाही. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. त्याच वर्षी पालकांना नाही म्हणायची मुभा मिळाली. १९९२ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने लसींच्या दुष्परिणामांबद्दल सरकारला जबाबदार धरलं, मुलांना आधी नीट तपासत नव्हता म्हणून. १९९४ मध्ये कायदा बदलला. सक्ती गेली आणि शाळेतलं फ्लूचं टोचणंही गेलं.

माझ्यातल्या इंजिनिअरला इथे प्रश्न पडतो की मोजलं काय? माएबाशीने मुलांना मोजलं. आजी-आजोबांना कुणी मोजलंच नाही, आणि मूळ योजना तर त्यांच्यासाठी होती. ते काम २००१ मध्ये अमेरिकी आणि जपानी संशोधकांनी केलं. पन्नास वर्षांचे हिवाळ्यातले मृत्यू मांडून त्यांनी अंदाज काढला की शाळेतल्या टोचण्यामुळे वर्षाला ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते, म्हणजे दर ४२० मुलांमागे एक. टोचणं थांबल्यावर हिवाळ्यातले मृत्यू पुन्हा चढले. आकडा नेमका केवढा यावर नंतर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण दिशा बऱ्याच जणांना मान्य आहे. २००१ मध्येच कायदा बदलून म्हाताऱ्यांना थेट लस द्यायला सुरुवात झाली.

या प्रश्नाकडे मला तटस्थपणे बघता येत नाही, कारण आमच्यासारख्या घरांत आजी-आजोबा येतात ते नेमके बाळंतपणाला किंवा नातवंडं सतत आजारी पडतात म्हणून मदतीला. तीन महिन्यांचा व्हिसा, बॅगेत मेतकूट, सुंठ आणि ओव्याची पुरचुंडी. सत्तरीचं माणूस दिवसभर शेंबड्या पोराला मांडीवर घेऊन बसतं, तेही कोरड्या हवेत आणि बंद खिडक्यांच्या घरात. माएबाशीत न मोजलेलं माणूस ते हेच.

जाता जाता कांजिण्यांचं सांगतो. ताकाहाशी मिचिआकी हे ओसाकाचे विषाणूतज्ज्ञ १९६४ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत ह्यूस्टनला होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला तिथे जोरदार कांजिण्या आल्या. परदेशात, आजी जवळ नाही, पोर तापाने फणफणलेलं, बाप रात्रभर उशाशी. परत आल्यावर त्यांनी लस शोधली, १९७४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेने १९९५ मध्ये घेतली. खुद्द जपानने मुलांच्या नेहमीच्या यादीत घातली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये! मधली वीस वर्षं इथली पोरं होइकुएनमधून कांजिण्या घरी आणत राहिली. सुईबद्दलची भीती एकदा बसली की कशी पुरून उरते, ते यावरून दिसतं.

आता फ्लूची लस ऐच्छिक आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाला इंजेक्शन दोनदा घ्यावं लागतं. २०२४ च्या मोसमापासून दोन वर्षांवरच्या मुलांसाठी नाकात फवारायची लसही मिळते. थोरलीने ती एकदा घेतली, शिंकली, आणि "एवढंच?" म्हणाली.

आधी एक फॉर्म भरावा लागतो. गेल्या महिन्यात आजारी होता का, घरात कुणाला ताप आहे का, कधी झटके आले होते का, आधीच्या लसीनंतर काही झालं का. शेवटी पालकाची सही. हा फॉर्म त्या कोर्टकचेऱ्यांच्या काळाची देणगी आहे. पहिला रकाना तापाचा. तिथेही आकडा तोच. साडेसदतीस किंवा वर असेल तर आज टोचणार नाही, बरं झाल्यावर या.