व्यवस्थापकीय क्षमता (अमेरिकी स्थलांतर कायदा)

व्यवस्थापकीय क्षमता : परदेशातील व्यवस्थापकाला अमेरिकेत कायमच्या पदावर आणू पाहणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीला सिद्ध करावी लागणारी कायदेशीर अट. १९९० च्या स्थलांतर कायद्याने रोजगाराधारित पहिल्या पसंतीच्या वर्गात अशा व्यवस्थापकांसाठी स्वतंत्र उपवर्ग निर्माण केला व या अटीची व्याख्या कायद्यातच घातली. हा उपवर्ग ईबी-१सी या नावाने ओळखला जातो. उमेदवार पदाचे कोणते नाव मिरवतो याला येथे फारसे महत्त्व नाही. त्याचा कामाचा दिवस कशात जातो, यावर निर्णय होतो.

अर्जाचे स्वरूप : अर्ज आय-१४० या नमुन्यावर अमेरिकेतील कंपनी करते. श्रमखात्याच्या प्रमाणपत्राची गरज नसते. परदेशातील व अमेरिकेतील कंपन्यांत मूळ कंपनी, उपकंपनी, शाखा किंवा समान मालकीची सहकंपनी असे नाते असावे लागते. अमेरिकेतील कंपनीचा व्यवसाय किमान वर्षभर सुरू असावा लागतो. उमेदवाराने आधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष परदेशातील कंपनीत व्यवस्थापक किंवा वरिष्ठ कार्यकारी म्हणून काम केलेले असावे. तो त्याच समूहासाठी आधीपासून अमेरिकेत काम करत असेल, तर ही तीन वर्षे त्याच्या अमेरिकाप्रवेशापूर्वीची मोजतात. त्यामुळे क्षमता दोन्ही ठिकाणच्या पदांबाबत दाखवावी लागते. जास्तीत जास्त सात वर्षांच्या एल-१ए या तात्पुरत्या व्हिसाला हीच व्याख्या लागू आहे; तरीही तो व्हिसा मिळाला म्हणून आय-१४० मंजूर होईलच असे नाही.

व्याख्या : कायद्यात चार अटी असून चारही पूर्ण व्हाव्या लागतात. उमेदवार संस्था, तिचा विभाग, उपविभाग किंवा एखादे कार्य सांभाळत असावा. त्याच्या हाताखाली पर्यवेक्षक, व्यावसायिक किंवा व्यवस्थापक असावेत, अथवा त्याच्याकडे संस्थेच्या दृष्टीने अत्यावश्यक कार्याची धुरा असावी. माणसे हाताखाली असतील तर नेमणूक, बडतर्फी, बढती यांबाबत निर्णयाचा किंवा शिफारशीचा अधिकार हवा. नसतील तर त्याचे स्थान वरिष्ठ पातळीचे हवे. दैनंदिन कारभारात स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याची मुभाही त्याला असावी लागते. मुकादम किंवा शिफ्ट सुपरवायझर यांसारखे पहिल्या फळीचे पर्यवेक्षक या व्याख्येत बसत नाहीत. मात्र हाताखालचे लोक पदवीची आवश्यकता असलेल्या व्यावसायिक पदांवर असतील तर त्याला अपवाद होतो.

कार्य-व्यवस्थापक : थेट हाताखाली माणसे नसलेला अधिकारीही पात्र ठरू शकतो. स्थलांतर खात्याच्या प्रशासकीय अपील कार्यालयाने २०१७ मध्ये ‘मॅटर ऑफ जी’ या प्रकरणात त्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या : कार्य स्पष्टपणे सांगता यावे, ते संस्थेच्या गाभ्याचे असावे, उमेदवाराने ते मुख्यतः स्वतः न करता सांभाळावे, त्याचे स्थान वरिष्ठ असावे आणि दैनंदिन निर्णय त्याच्या हाती असावेत. ते काम प्रत्यक्ष कोण करते हे अर्जात सांगितलेले नसेल, तर अर्ज तिसऱ्या कसोटीवर अडू शकतो.

पुरावा : ‘पुराव्याचा कल अर्जदाराच्या बाजूने झुकतो’ एवढे दाखवले की पुरते, फौजदारी खटल्याइतकी खात्री लागत नाही. पण नुसत्या विधानांवर भागत नाही. फेडिन ब्रदर्स विरुद्ध सावा या १९८९ च्या खटल्यात न्यायालयाने बजावले, की नियमातील शब्द पुन्हा उतरवून काही सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष कामांवरूनच पदाचे खरे रूप कळते.

समजा, पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीची डिलिव्हरी मॅनेजर न्यू जर्सीतील उपकंपनीत जाणार आहे. ‘टीमला मार्गदर्शन करणे, ग्राहकांशी समन्वय साधणे, गुणवत्ता राखणे’ एवढेच कंपनीच्या पत्रात लिहिले तर अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी, वार्षिक बजेट ठरवण्यात २० टक्के वेळ, चार प्रोजेक्ट मॅनेजरांच्या कामाचा आढावा, वेतनवाढ व नेमणुका यांत ४० टक्के, मोठ्या करारांच्या अटी ठरवण्यात २५ टक्के, उरलेला वेळ वरिष्ठांना अहवाल देण्यात, अशी विभागणी दिली की पदाचे चित्र उभे राहते. त्याला जोड हवी ती कागदपत्रांची : तिच्या सहीची मूल्यमापनपत्रे, तिने मंजूर केलेल्या नेमणुका, नावे, पदे व शिक्षण दाखवणारा ऑर्ग चार्ट, भारतातील फॉर्म १६ व पगारपत्रके, अमेरिकेतील डब्ल्यू-२ व तिमाही फॉर्म ९४१. कोड तपासणे आणि ग्राहकांची तिकिटे सोडवणे ही कामे कोणाकडे आहेत, हेही लिहावे लागते. ती तिच्याच वाट्याला येत असतील, तर पद कितीही मोठे असो, ती व्यवस्थापक ठरत नाही. ऑर्ग चार्टमध्ये दहा माणसे आणि वेतनपटात सहाच, अशी विसंगती आढळली तर संपूर्ण अर्जाच्या विश्वासार्हतेला तडा जातो.

कर्मचारीसंख्या : कंपनी लहान आहे एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही. संस्थेचा हेतू, तिच्या विकासाचा टप्पा व वाजवी गरजा विचारात घ्याव्यात, असे कायदा सांगतो. २०१६ च्या ‘मॅटर ऑफ झेड-ए’ या निर्णयाने जपानमधील मूळ कंपनीतून मदत करणारे कर्मचारीही हिशेबात घेतले. अमेरिकेत मोजकी माणसे आणि पुण्या-मुंबईत मोठी टीम असलेल्या कंपन्यांना हा निर्णय विशेष उपयोगी आहे. मात्र दूरची टीम रोजची कामे खरोखर पेलते, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीचीच असते.

भारतीयांच्या दृष्टीने महत्त्व : कायम वास्तव्याच्या व्हिसांवरील देशवार मर्यादेमुळे दुसऱ्या व तिसऱ्या पसंतीच्या वर्गांत भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांब आहे. पहिल्या वर्गातही त्यांना थांबावे लागते, पण पुष्कळ कमी. जोडीदाराची नोकरी व मुलांचे शिक्षण या निकालाशी बांधलेले असते, म्हणून काम फुगवून सांगण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे; वस्तुस्थिती खोटी सांगितल्याचे ठरल्यास उमेदवाराला पुढे अमेरिकेत प्रवेशच नाकारला जाऊ शकतो.

शंका असल्यास अधिकारी जादा पुरावे मागवतो. नकार मिळाल्यास कंपनीला अपील करता येते. पात्रता मात्र अर्ज दाखल होण्याच्या दिवशीच असावी लागते व त्यानंतर पदाची रचना बदलून उणीव भरून काढता येत नाही. म्हणून अधिकारांची वाटणी, हाताखालच्या नेमणुका व त्यांच्या नोंदी या गोष्टी अर्जाच्या बऱ्याच आधी मार्गी लावणे हिताचे ठरते.