खांद्याचा कृत्रिम सांधा सैल का होतो?

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमत-कळमनुरीकडे हळद खणणे, शिजवणे, पोती उचलणे ही सारी कामे खांद्याच्या जोरावर चालतात. त्यामुळे खांद्याचा सांधा बदलला की घरात पहिला प्रश्न येतो: पोते पुन्हा कधी उचलायचे? उत्तर सांध्याच्या रचनेत आहे.

कमकुवत जागा कोणती?

नेहमीच्या शस्त्रक्रियेत दंडाच्या हाडाला धातूचा गोल आणि खांद्याच्या पात्यावरील उथळ खोबणीत पॉलिथिलीनची वाटी बसवतात. जास्त करून सैल होते ती ही वाटीच, कारण तिला धरायला हाड थोडेच असते.

सैल होण्याची कारणे

• डोलणे: गोल मधोमध धरून ठेवणारे रोटेटर कफचे स्नायू फाटले, तर गोल वर सरकतो. वाटीची एक कड दबते, दुसरी उचलते. जड ओझ्याने हा ताण वाढतो.

• झीज: घासून सुटलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात. त्यातून होणाऱ्या दाहामुळे आजूबाजूचे हाड विरघळू लागते.

• जंतुसंसर्ग: त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू ताप किंवा सूज न आणताही वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. 1893 मध्ये पॅरिसला ज्यूल पेआँ यांनी बसवलेला कृत्रिम खांदाही सुमारे दोन वर्षांनी संसर्गामुळेच काढावा लागला होता.

कफ आधीच निकामी असेल, तर गोल पात्यावर आणि वाटी दंडावर अशी उलटी रचना वापरतात. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी ती 1980च्या दशकात विकसित केली.

दुखत नसले तरी

साधारण दहापैकी नऊ सांधे दहा वर्षांनंतरही टिकून असतात. मात्र सैलपणा दुखण्याआधी एक्स-रेवर दिसू शकतो: वाटीभोवती काळी रेघ उमटते. बारीक रेघ म्हणजे लगेच बिघाड नव्हे. ती रुंदावते आहे का, हे महत्त्वाचे. ते कळायला जुना एक्स-रे हवा.

म्हणून शस्त्रक्रिया नांदेडला झालेली असो की हैदराबादला, एक्स-रे आणि सांध्याच्या माहितीचे कागद जपून ठेवावेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी तपासणी करावी आणि पोते उचलण्याआधी वजनाची मर्यादा त्यांनाच विचारावी. उशीर झाला तर हाड आणखी झिजते, मग नवी वाटी बसवायलाही जागा उरत नाही.