गंज आणि घसारा

बैलगाडीचं चाक आणि मोटरसायकलचं चाक यांत फरक काय, असं विचारलं तर आपण म्हणू, एकाला हवा भरावी लागते. खरा फरक निराळाच आहे. बैलगाडीचे आरे ओझं डोक्यावर घेतात. मोटरसायकलच्या स्पोकला ते जमत नाही. ती बिचारी तार. तिच्यावर भार ठेवला तर दुमडेल; तिला फक्त ओढून धरता येतं. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवतात आणि त्या ताणावर गाडी, नवरा, मागची बायको आणि भाजीची पिशवी तोलली जाते. संसारी माणसाला हे नवीन नसावं.

ही युक्ती सर जॉर्ज केली या इंग्रजाला १८०८ साली सुचली, तीही उडत्या यंत्राचं चाक हलकं हवं म्हणून! राइट बंधू जन्माला यायला तेव्हा जवळजवळ साठ वर्षं अवकाश होता. १८६९त पॅरिसच्या यूजेन मेयरनं सायकलसाठी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. पण मोठी अक्कल लढवली ती कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं. हब फिरवून चाक फिरवायचं म्हटलं की सरळ तारा पिळवटतात. त्यानं १८७४त त्या तिरप्या, एकमेकींना छेद देत बसवल्या. पुढे चेन आली, इंजिन आलं, पण ही वीण कुणी सोडली नाही.

चकाकी मात्र उशिरा आली. आधी निकेलचा मुलामा असे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर क्रोम चढलं. लोकांना वाटतं, क्रोम गंज थोपवतं. छे! हा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नसतो, आणि त्याला बारीक चिरा असतात. गंज थोपवतं ते खालचं निकेल. काम निकेलचं, नाव क्रोमचं. काउंटरवरचा कारकून आणि काचेच्या केबिनीतला साहेब, हे नातं मी वेगळं सांगायला नको.

हे सगळं शिकण्याचं कारण आमच्या सासऱ्यांची बुलेट. १९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीचं त्यांच्याकडचं मॉडेल १९७८चं. ती आता मेहुण्याकडे आहे. बाहेरून रिमवर चार ठिपके दिसत होते. टायर उतरवला, रिमटेप सोलली आणि आत गंजाची भुकटी निघाली. पाणी तिथेच साचतं, निपलच्या मुळाशी. वाणिज्य शाखेत घसारा दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी लावायला शिकवतात. गंजाला हा नियम कुणी कळवलेला नसतो.

"भाऊजी, तारांना पुन्हा मुलामा देऊ. बाबांच्या वेळच्या आहेत," मेहुणा म्हणाला.

मेस्त्री ऐकेना. "ॲसिडातून आलेली तार दगा देते, साहेब." त्याचं बरोबर होतं. ॲसिडात आणि मुलाम्याच्या हौदात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणलेली तार न वाकता तुटते. तारा नव्याच घ्याव्या लागल्या. पुढच्या रिमचा गंज वरवरचा होता. तो पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदानं, पाण्यात भिजवून घासला. हा कागद क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा येत नाही. (बायकोचा अख्खा रोल संपला, ही नोंद खतावणीत नाही.) मागची रिम मात्र खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. खड्डे जाईपर्यंत घासायची तर पत्रा पातळ होतो. तसंच क्रोम चढवलं तर तो ३१ मार्चचा सजवलेला ताळेबंद. फरक इतकाच, की इथं ऑडिटर उतारावर भेटतो, गाडी साठच्या वेगात असताना.

मेहुणा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नवी रिम घेऊन आला.

मग मेस्त्रीनं आउट काढला. चाक फिरवायचं, रिम डुलते तिथं निपल पाव फेरा पिळायचं, मग पान्यानं एकेक तार वाजवायची. ताणलेली 'टण्' म्हणते, ढिली नुसतीच खोकते. दुपारभर तो वाजवत होता.

जुनी रिम भंगारात द्यायला मेहुणा तयार नव्हता. ती गच्चीवर आहे. तिच्यावर सध्या कारल्याचा वेल चढलाय.